उंबऱ्यावरून मोजलेला पूल

आबा, पूल पाण्याखाली गेला नाही. हे आधी सांगते, बाकीचं मागून. तुम्ही असता तर विडी विझवून एवढंच विचारलं असतं, "किती राहिलं?" वीतभर राहिलं, आबा. गर्डरच्या खाली वीतभर मोकळी जागा ठेवून नदी गेली आणि नेसरीची एसटी माझ्या डोळ्यांदेखत वरून गेली. ड्रायव्हरनं अलीकडं गाडी थांबवून विचारलं, "बाईसाहेब, जाऊ का?" मी ओरडले, "जावा की, बिनधास्त!" पाठोपाठ दूध संघाचा टेम्पो गेला, मग शाळेची पोरं चालत गेली. इतकी वर्षं श्रावणात जी नदी गावाला कोंडून ठेवायची, तिच्या डोक्यावरून सगळं गाव ये-जा करत होतं. मी भर रस्त्यात रेनकोट घालून उभी होते आणि रडत होते. उपअभियंता बाई रडतेय म्हणून ठेकेदाराची माणसं बघत होती. बघू देत.

तुम्ही मैलकुली होता. आठ किलोमीटर रस्ता तुमचा. खड्डे भरायचे, गवत काढायचं, मैलाचे दगड रंगवायचे, आणि पावसाळ्यात जुन्या फरशीपुलाजवळच्या, फुटांचे आकडे रंगवलेल्या दगडावर पाणी किती फूट चढलं ते बघून वहीत लिहायला साहेबांकडं कळवायचं. एकदा मी वरूनच बघून आकडा सांगितला, तर केवढे चिडला होता! "अदमासानं सांगू नगंस. जवळ जायाचं, बघायचं, मग तोंड उघडायचं. ह्या आकड्यावर उद्या कोन तर पूल बांधंल." मी चौथीत होते. पूल कोण बांधणार हे तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं!

त्याच साली पुरानं तो दगडच उपटून टाकला. पाणी ओसरल्यावर तुम्ही आणि तुमच्या टोळीतल्या दोघांनी तो शोधून आणला. मी रंगाचा डबा धरून बरोबर होते. नव्या चपला होत्या पायात, तुम्ही गडहिंग्लजच्या बाजारातून आणलेल्या. दगड जुन्या जागी न रोवता काठावर जरा वर, मुरमाच्या जमिनीत रोवला. तुम्ही आकडे पुन्हा रंगवले, मी हात पिवळे करून घेतले, आणि आपण घरी येऊन भाकरी खाल्ली. कुणाच्या मनातही आलं नाही की दगड जितका वर गेला, तितका वहीतला पूर त्या दिवसापासून बुटका झाला.

पुढं मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगला असताना महापूर आला. तुम्ही दगडावरचा आकडा बिनचूक कळवलात. त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही गेलात. आणि मग काही वर्षांनी नव्या पुलाची फाईल माझ्याच टेबलावर आली. निविदा झालेली, ठेकेदाराची यंत्रं कळंब्यापर्यंत येऊन थांबलेली. मी पुराची पातळी कशावरून धरलीय ते बघितलं, तर तुमच्याच दगडावरच्या महापुराच्या आकड्यावरून. नकाशात दगड जुन्याच जागी होता. तो तिथं नाही हे सांगणारं तुमच्या टोळीतलं कुणी उरलं नव्हतं. फक्त मी होते.

पण नुसतं मला आठवतंय म्हणून कोण ऐकणार? थोरल्या काकूकडं गेले. आपल्याकडं पूर जिथं येऊन थांबतो, तिथंच बायका नदीची ओटी भरतात, हे तिच्यापेक्षा जास्त कोण जाणतं? विचारलं, "महापुरात ओटी कुठं भरलीसा?" काकू म्हणाली, "मारुतीच्या उंबऱ्यावर. त्येच्या म्होरं पाणी सरकलंच न्हाय." मी म्हटलं, "नक्की?" तर माझ्यावरच डाफरली, "दगड हलंल बाई, द्येवाचा उंबरा कुठं हलतोय व्हय?" दुसऱ्या दिवशी लेव्हल लावून उंबऱ्याची उंची मोजली. नकाशातल्या पुराशी फरक निघाला तीन फुटांचा. पूल ठरल्याप्रमाणं बांधला असता तर तसल्या पुरात गर्डर पाण्यात बुडाले असते.

मोठे साहेब कडाडले. "मॅडम, मार्च तोंडावर आलाय. सुधारित अंदाजपत्रक केलं की पैसा दुसऱ्या तालुक्याला जाणार. कुणाच्या काकूनं ओटी भरली म्हणून सरकार पूल उंच करणार?" मी म्हटलं, उंबऱ्याची पातळी मी स्वतः घेतलीय, आणि ह्या नकाशावर माझी सही होणार नाही. तुमचाच आवाज निघाला माझ्या तोंडून. पैसा खरंच गेला. दोन पावसाळे गाव पुन्हा कोंडलं, दूध ओतून द्यावं लागलं, आणि सरपंचांनी चावडीत सगळ्यांसमोर सुनावलं, "मैलकुल्याची पोर सायबीण झाली आनि आपल्याच गावाचा पूल अडवून बसली." ते फार लागलं, आबा. मंत्रालयापर्यंत फाईल मी ढकलत राहिले, दर आठवड्याला फोन करून माणसं जेरीस आणली. शेवटी मंजुरी आली, तीही पुऱ्या तीन फुटांसकट.

परवा तेच सरपंच गुलाल घेऊन पुलावर आले. हलगी वाजत होती. काकूला हाताला धरून आणलं होतं. ती कठड्यावरून वाकली, खण-नारळ खाली सोडला आणि म्हणाली, "आत्तापातूर ती आमच्या दारात यायची. आता आमीच वरनं वाकून भरायची की गं वटी!" सगळा पूल हसला. साहेबांचा फोन आला, "मॅडम, काकूंना माझा नमस्कार सांगा." एवढा आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, हे तुमच्या जावयालाही सांगून टाकलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक गोष्ट लिहिते. अहवालात मी लिहिलंय, 'पुराच्या प्रवाहाने दगड मूळ जागेवरून सरकला असावा.' सगळ्यांनी मान्य केलं. एकटी काकू म्हणाली, "सरकलेला दगूड तुजा आबा चुकीच्या जागी ऱ्हाऊ देनारा न्हवता." ती खरं तेच बोलली. जुनी जागा तुम्हाला नेमकी ठाऊक होती. तुम्ही तिथं गुडघाभर चिखलात उभे राहून मला हाक मारलीत, "डबा आन हिकडं." मी काठावरूनच म्हणाले, "आबा, चपला नव्या हाईत माझ्या. हितंच रोवा की." तुम्ही माझ्या पायांकडं बघितलंत, हसलात, आणि तो जड दगड दोघांच्या मदतीनं माझ्यापर्यंत वर घेऊन आलात. चपला त्या दिवशी कोरड्याच राहिल्या, आबा.