अख्खा लॉट परत

२ तारीख, रविवार, दुपारी
बायकोला बढती. दुसऱ्या गावच्या शाखेची प्रमुख. सोमवार ते शुक्रवार तिकडेच राहायचं. सतरा तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. सहा वर्षांपूर्वी अशीच संधी आली होती. तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, की घराचं काय? तिने नकार कळवला. त्यावर पुन्हा बोलणं झालेलं नाही.
या वेळी मी आपणहून म्हणालो, खुशाल जा, मुलांना पंधरा दिवसांत तयार करतो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भरून आलं असावं.
पॅकिंग खात्यात चौदा माणसं माझ्या हाताखाली आहेत. इथे दोनच. एक पंधरा वर्षांची, एक अकराचा.

३, सोमवार
आयुष्यभराची दुसरी पाळी सोडून पहिली मागून घेतली. चारला घरी. मीटिंग घेतली. थोरली : भांडी, कुकर. धाकटा : केर, कपड्यांच्या घड्या. मी : देखरेख. धाकट्याने विचारलं, देखरेखीत नक्की काय करायचं असतं? समजावलं. त्याला पटलेलं दिसलं नाही.

५, बुधवार, सायं. ७
घड्या दुकानातल्यासारख्या. दोन दिवसांत एवढी प्रगती! हाताला गुण आहे माझ्या.
पण भरभर काम म्हणजे ढिलाई आलीच. आजपासून तपासणी. खात्याचाच नियम : तीन नगांत खोट निघाली, की अख्खा लॉट परत. भांड्यांवरून पांढरा रुमाल फिरवला. दोन वाट्या आणि एक झारा तेलकट निघाला. सगळी भांडी परत सिंकमध्ये. थोरली म्हणाली, उद्या गणिताचा पेपर आहे. म्हटलं, ग्राहकाला त्याच्याशी देणंघेणं नसतं. तिने विचारलं, ग्राहक कोण? उगाच फाटे फोडते.

७, शुक्रवार
संप. थोरली म्हणते, धुतलेलं परतच येणार तर आधी धुवायचं कशाला? धाकटा तिच्यामागे उभा राहून मान डोलावत होता. फितूर. आवाज चढवला. दोन दारं आपटली.
सात वाजले. ओटाभर भांडी, केर तसाच. बायको आठला येते. हे बघून तिने परत नकार कळवला तर? सगळं मीच उरकलं. मुलांना दम भरला, आईला कळलं तर याद राखा.
ही तात्पुरती व्यवस्था.

१०, सोमवार
तात्पुरती व्यवस्था चालू. झारा अवघड असतो.

१२, बुधवार, पहाटे ५.३०
कंबर धरली. काल रात्री जेवताना बायकोला सांगितलं, खात्यात खोकं उचललं. तिने विचारलं, मुलं कशी करतायत? म्हटलं, यंत्रासारखी. धाकट्याला ठसका लागला. त्याच्याकडे असं काही पाहिलं, की बिचारा पाणी न पिताच गप्प.

१५, शनिवार
दोन दिवस उरले. धीर सुटत चाललाय. थोरलीसमोर हात जोडायचेच बाकी ठेवले. म्हटलं, माझ्यासाठी नको, आईसाठी कर.
ती म्हणाली, बाबा, आम्ही हे तीन वर्षं करतोय. रोज संध्याकाळी, आई यायच्या आत. तुम्ही दुसऱ्या पाळीवरून यायचात तेव्हा ताट झाकलेलं असायचं, ओटा पुसलेला असायचा. ते कोण करतं असं वाटायचं तुम्हाला?
खरं सांगायचं तर हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.
थोडी वाढवूनच सांगत असणार. तरी दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

१७, सोमवार, सकाळी ७
रजा टाकली. चहाच्या वेळी बायकोला सगळं सांगून टाकलं. मुलांचं चालू असलेलं मीच बिघडवलं, दोष माझा, पण तू नकार कळवू नकोस.
ती म्हणाली, होकार तर मी तीन तारखेलाच कळवला. विचारलं, कोणाच्या भरवशावर? तर मुलांच्या. मग हे पंधरा दिवस मी काय करत होतो? म्हणाली, इतका उत्साहात होतास, मोडवेना.
मुलं तिला रोजच्या रोज सगळं सांगत होती म्हणे. झाऱ्यासकट.

२३, रविवार, दुपारी ४
बायको गेली. दारात दोन्ही मुलांना जवळ घेऊन म्हणाली, बाबांकडे लक्ष द्या. मला वाटलं, आता मला म्हणेल, मुलांकडे लक्ष दे. थांबून राहिलो. टॅक्सी वळली तरी थांबलो होतो. फार लागलं मनाला.
आत आलो. धाकटा केर काढत होता, थोरलीने कुकर लावला होता. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. मग थोरलीला विचारलं, मी काय करू?
ती म्हणाली, सध्या बसा, बाबा.
बसलो.