हिरवी कामाहुआनीला बंद पडते

काइबारिएन,
ता. २ मार्च १९९९

चि. दानाइसीस,
एनेइदा आजीचे पोटभर आशीर्वाद. बोटींच्या इंजिनांत डोकं घालताना केस बांधतेस ना, ते आधी कळव.

माझं शिक्षण तुला ठाऊक आहे, वाकडंतिकडं असेल ते सरळ करून वाच. काल शेजारच्या नोएमीला खेकडे दिले तर तिने मालांगाचे कंद दिले, निम्मे किडके, पण ते जाऊ दे. सांगायचं असं की आपली हिरवी मोटार विकायची ठरली. अठ्ठावीस तारखेला वारादेरोचा एक माणूस येऊन नेणार. नुसता सांगाडा घेतोय म्हणे, इंजिन टाकून देणार.

सकाळी सांता क्लाराचे उतारू घेऊन हिरवी झकास निघते. अर्ध्या तासाने, कामाहुआनी आलं की धापा टाकते आणि बंद. उतारू उतरतात आणि टोमणे मारतात. परवा एका म्हातारीने विचारलं की ओनेलियो, ही मोटार आहे की गाढव, गाढव निदान गवत बघून तरी थांबतं. तुझे आजोबा खाली उतरतात. टाकीचं झाकण काढून, काठी बुडवून डिझेल किती ते बघतात, झाकण लावतात, दोन शिव्या देतात, की लागली चालायला. शिव्यांचा गुण म्हणतात. पुढे अर्ध्या तासाने पुन्हा तेच. फिल्टर बदलला, नळ्यांतली हवा काढली, आता डिझेलचा पंपच गेला असं ठरवून बसलेत. तसला पंप इथे कुठला मिळायला!

दानाइसीला विचारा म्हटलं, तर म्हणाले, जिला पाना धरायला मी शिकवलं तिला मी विचारू? तू बोटींवर गेलीस तेव्हा हे बाईमाणसाचं काम नाही म्हणाले होते, त्याला तीन वर्षं झाली, तो शब्द ना गिळवत ना थुंकवत. म्हणून मी चोरून लिहितेय. हिरवी गेली तर हे दिवसभर डॉमिनो खेळतील आणि हरले की माझ्यावर चिडतील.

एक मजा राहिली. जानेवारीत एका पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या गुलाबी झग्याला डिझेलचा वास लागला, तिच्या आईने सांता क्लारापर्यंत आजोबांचा उद्धार केला. मग मी टाकीचं जुनं झाकण फेकून लेथवाल्या फाउस्तिनोकडून नवं करून घेतलं, आत सायकलच्या ट्यूबचं कडं स्वतः कापून बसवलं. आता वासाचं नाव नाही. बायकांनाही कळतं थोडंफार.

तुझा लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी आजी


न्युएवा हेरोना,
ता. १३ मार्च १९९९

ती. आजीस,
शि. सा. न. केस बांधते.

पंप गेला असता तर काठी बुडवून बरा झाला नसता. आजोबा काठी बुडवायला झाकण काढतात, त्याने हिरवी चालू होते, शिव्यांनी नाही. जुन्या झाकणाला बारीक भोक होतं. डिझेल खर्च होतं तशी तेवढी हवा आत जावी लागते. तुझ्या कड्याने ती वाट बुजली. आता आत हवा जात नाही, म्हणून टाकी डिझेल सोडत नाही.

खात्री करून घे. बंद पडली की झाकण सैल कर. फुस्स करून हवा आत ओढली गेली तर दुखणं तेच. फाउस्तिनोकडून झाकणाला सुईएवढं भोक पाडून घे. माझं नाव मात्र काढू नकोस, नाहीतर हट्टाने तसंच चालवतील.

आशीर्वाद असू दे, कंद निवडून घेत जा.
तुझी दानाइसी


काइबारिएन,
ता. ३० मार्च १९९९

चि. दानाइसीस,
आशीर्वाद, आणि माझ्याकडून स्वतःच्या गालावर एक पापा घे.

गुन्हेगार मीच निघाले गं! तुझं पत्र पंचविसाला आलं, सव्विसाला मी आजोबांशेजारी बसून निघाले, सांता क्लाराला दोरा घ्यायचाय असं सांगून. कामाहुआनीला हिरवीने मान टाकली. हे काठी शोधताहेत तोवर मी झाकण फिरवलं. अशी फुसकारली की मागच्या सीटवरच्या बाईने देवाचं नाव घेतलं. आजोबा झाकणाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? म्हटलं, माझं मलाच सुचलं. म्हणाले, तुला क्लच कशाशी खातात ते माहीत नाही. मग काय, तुझं नाव सांगून टाकलं. झाकण घट्ट लावून त्यांनी हिरवी पुढे काढली. मी दोरा घ्यायचाही विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच फाउस्तिनोकडे जाऊन भोक पाडून आणलं. त्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या, कुठेही थांबली नाही.

अठ्ठाविसाला वारादेरोचा माणूस आला. त्यालाही कामाहुआनीपर्यंत फिरवून आणलं. त्याला इंजिनासकट हवीशी झाली, भाव वाढवला. मी दारातून कान देऊन. आजोबा म्हणाले, माझ्या मेकॅनिकला विचारल्याशिवाय देता येणार नाही, आणि ती न्युएवा हेरोनाला असते. तो म्हणाला, फोन करा. तर म्हणाले, फोनवर बोलायला ओशाळल्यासारखं होतं, आधी पत्र टाकतो.

पत्र टाकतील असं मला वाटेना. पण आत्ता कागद मागताहेत. लोभ असू दे, या म्हाताऱ्यावर जरा जास्तच.
आजी

दानाइसी,
थंडीत सुरू करताना पांढरा धूर येतो, पाच मिनिटांनी जातो. मला वाटतं एक हीटर प्लग गेलाय. तुला काय वाटतं?
ओनेलियो