बालेकिल्ला: गेट नंबर तीन

बुधवार, २८ फेब्रुवारी. संध्याकाळ.

आजपासून रोजनिशी. इतिहास घडत असताना कुणीतरी नोंद ठेवायला हवी, आणि आमच्या घरात शिस्तीचा माणूस मी एकटाच. २२ एप्रिलला मतदान. नदीपलीकडच्या भागाचं वेगळं शहर करायचं, की आहे तसं एकच ठेवायचं? मी अर्थातच 'एकच'वाला. ज्याला थोडंफार कळतं तो 'एकच'वालाच असणार.

आज 'एकच शहर समिती'च्या ऑफिसात जाऊन नाव दिलं. तिथला समन्वयक वयाने लहान, पण माणसांची पारख आहे. मी वजनमापे निरीक्षक आहे म्हटल्यावर उठून खुर्ची दिली. (ऑफिसात खुर्ची एकच आहे.) शनिवारी मॅचच्या आधी फुटबॉल मैदानाबाहेर उभं राहून पत्रकं वाटायची, लोकांना पटवायचं आणि किती पटले तो आकडा कळवायचा. जिंकलो तर प्रत्येक प्रभागात एक सल्लागार नेमणार आहेत, असं तो सहज बोलून गेला. मीही सहजच ऐकलं. घरी येऊन दार लावून आरशासमोर सल्लागारासारखा उभा राहून पाहिलं. शोभतं.

जेवताना हिला सगळं सांगायला घेतलं तर हिचं भलतंच. सासूबाई दीड महिन्यापासून आमच्याकडे आहेत. त्यांचं घर पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. तिथे नळाला पाणी चढत नाही आणि गुडघ्यांमुळे त्यांना खालून बादल्या नेता येत नाहीत. आई रोज म्हणते मला माझ्या घरी जायचंय, ही म्हणाली. चार वर्षं अर्ज करतेय, कुणी ढुंकून बघत नाही. मी म्हटलं, खुर्चीचं ऐकलंस का? विषयांतर फार करते.

घरची मतं: माझं, हिचं, सासूबाईंचं. तीन पक्की.

शनिवार, ३ मार्च. संध्या. ६.३०

पहिला दिवस. दणदणीत.

आधी मोक्याची जागा हेरली. गेट एकवर नुसती रेटारेटी, सगळे लाल टी-शर्टवाले, कुणी कुणाचं ऐकत नाही. गेट दोनवर ऊन थेट डोळ्यांत. गेट तीन मात्र मागच्या बाजूला, झाडाखाली. बसायला कठडा, शेजारी स्कूटर लावायची सोय. अनुभवी नजर लागते.

लोक चक्क बसेस करून आले होते. सगळे हिरव्या कपड्यांत, गाणी म्हणत. प्रत्येकाने पत्रक घेतलं. शहर एकच राहायला हवं ना, विचारलं की हो हो, राहायलाच हवं! एकाने खांद्यावर हात टाकून सांगितलं की काका, तुम्ही म्हणाल ते. वाद शून्य. २१२ पत्रकं, १९८ होकार. वजनमापात अर्ध्या ग्रॅमची चूक न खपवणारा माणूस आकडा लिहितो तेव्हा तो आकडा असतो.

गेटपाशी मफलरी विकणारा एक म्हातारा बसतो. मला बघून सारखा हसत होता. काही लोकांचा स्वभावच आनंदी असतो.

घरी आलो तर बाथरूममधली निळी बादली गायब. रात्री परत जागेवर. विचारणार होतो, पण आकडे लिहायचे होते.

शनिवार, १७ मार्च. संध्याकाळ.

आज गेट तीनवर सगळे पिवळे! गेल्या वेळी हिरवे, आज पिवळे. म्हणजे पाठिंबा वेगवेगळ्या थरांत झिरपतोय. २३० पत्रकं, २१६ होकार. ९४ टक्के.

एक पिवळा तर पत्रक घडी करून खिशात ठेवत म्हणाला, आमच्या गावात पण असंच काहीतरी व्हायला हवं. 'आमच्या गावात'! आपल्या वस्तीला अजून गाव म्हणणारी माणसं आहेत. भरून आलं.

ही आणि सासूबाई दुपारी एकलाच कुठेतरी गेल्या. सासूबाईंच्या गळ्यात लाल मफलर, एवढ्या उकाड्यात. म्हातारपणी थंडी वाजते. हातात घडीचं स्टूल होतं. डॉक्टरकडे गेल्या असाव्यात, तिथे बसायला जागा नसते.

सोमवार, १९ मार्च.

समितीची बैठक. भिंतीवर मैदानाचा नकाशा. गेट तीनवर हिरवी टाचणी, समन्वयकाने सगळ्यांना माझ्याकडे बघायला सांगितलं. गेट एकवर ३१ टक्के, गेट दोनवर ३८. बिचारे वॉलंटिअर मान खाली घालून बसले होते. मी त्यांना धीर दिला. हे कौशल्य उपजत असतं, वाईट वाटून घेऊ नका, म्हटलं. तरी त्यांना वाईट वाटलंच.

गेट एकवर आपलं नुकसान करणाऱ्या दोन बायका आहेत असं कळलं. एक शाळेतली बाई आणि एक म्हातारी. म्हातारी स्टुलावर बसते, पुढ्यात रिकामी बादली. भाषण नाही, घोषणा नाही. येईल त्याला दोघी एवढंच विचारतात की तुमच्याकडे पाणी कितव्या मजल्यापर्यंत चढतं? आणि मग उत्तर ऐकत बसतात. लोक थांबतात म्हणे. रांग लागते.

मी स्पष्ट बोललो. अशा बायकांना घरच्या कर्त्या माणसाने वेळीच समजावायला हवं. यांचे नवरे असतात तरी कुठे? सगळ्यांना पटलं.

घरी हिला हा किस्सा सांगितला. ही गणिताच्या वह्या तपासत होती. वर न बघता म्हणाली, नवरा कामात असेल. मग म्हणाली, आईला आज घराची आठवण येऊन रडू आलं. पुन्हा विषयांतर.

शनिवार, ३१ मार्च. संध्या. ७

आज निळे. २५० पत्रकं, २४० होकार. सर्वोच्च.

मॅच सुरू झाल्यावर मफलरवाल्याने मला चहा पाजला आणि म्हणाला, साहेब, राहवत नाही म्हणून सांगतो. हे गेट पाहुण्यांचं आहे. इथून फक्त बाहेरगावच्या टीमची माणसं आत जातात. आपली टीम लाल, आपली माणसं गेट एक आणि दोनने. तुम्ही महिनाभर ज्यांना पटवताय त्यांना इथे मतच नाही.

त्याच दिवशी, संध्या. ७.४०

शांतपणे विचार केला. पाहुण्यांचे इथे नातेवाईक असणारच. ते फोन करतील. विचारांना काय गेट असतं? शिवाय मफलरवाला धंदेवाईक माणूस, त्याला राजकारणातलं काय कळतं. चहा मात्र बरा होता.

समन्वयकाला ९६ टक्के कळवले. आकडा खरा आहे. कुणाचा आहे ते त्याने विचारलं नाही.

मंगळवार, ३ एप्रिल.

समन्वयकाचा फोन. मैदान आता आपलंच झालं, त्यामुळे गेट एक आणि दोनवरचे सगळे वॉलंटिअर त्याने बाजारात हलवले. तुमच्या जिवावर, म्हणाला. गेट तीन पाहुण्यांचं आहे हे सांगायचं, असं ठरवून तोंड उघडलंसुद्धा. पण इतका खूश होता! माणसाचा हिरमोड करणं माझ्या रक्तात नाही. उद्या सांगेन.

शुक्रवार, ६ एप्रिल.

सांगायचं राहिलं.

जेवताना हिने मध्येच विचारलं की तू हजार लोकांना त्यांचं मत विचारलंस, मला विचारलंस का एकदा तरी? मी म्हटलं, घरच्यांना काय विचारायचं, ते गृहीतच असतं. ताट उचलून निघून गेली. मग स्वयंपाकघरातूनच सांगितलं, पलीकडे काल चौथ्या दिवशी पाणी आलं, तेही तळमजल्यापुरतं. विषयांतर. शाळेत परीक्षा चालू आहेत, त्याचा ताण असणार.

संकल्प: मतदानाआधीच्या शेवटच्या मॅचला गेट एकवर जायचं. सिंहाच्या गुहेत. आपल्या गेटवरचं कौशल्य तिथेही चालायला काय हरकत आहे?

शनिवार, १४ एप्रिल. संध्या. ६

गेट एक. वीस मिनिटं. अकरा पत्रकं.

पहिल्याने विचारलं, एकच शहर राहिलं तर पलीकडे दवाखाना कधी होणार? मी म्हटलं, पत्रक वाचा. म्हणाला, वाचलं, त्यात नाही. दुसऱ्याने पत्रकाची पुंगळी करून कानात घातली. एक बाई म्हणाल्या, मी नदीच्या अलीकडे राहते, मला वेगळं नकोय, पण तुम्ही माझं ऐकून तर घ्या आधी. मला पुढच्या माणसाला गाठायचं होतं. एकंदरीत भाडोत्री गर्दी वाटली.

मग ती रांग दिसली. रांगेच्या टोकाला स्टूल. स्टुलापुढे बादली.

बादली मी लांबूनच ओळखली. निळी. कडी तुटली होती, तिला तार मीच गुंडाळली आहे.

सासूबाईंनी आधी बघितलं. या जावईबापू, म्हणाल्या, आणि माझ्या हातात त्यांचं पत्रक ठेवलं. उन्हात उभे राहू नका, हेही सांगितलं. ही कुणाचंतरी ऐकत होती. माणूस बोलायचा थांबल्यावर माझ्याकडे वळली आणि पाणी पिणार का विचारलं. तिची बाटली पुढे केली. मी म्हटलं, मला काम आहे.

गेट तीनवर परत आलो. आज नारिंगी. १६० पत्रकं, १६० होकार. एकाने माझ्यासोबत फोटो काढला. शेवटी आपली माणसं ती आपलीच.

त्याच दिवशी, नंतर

हिची बाजू समजून घेतली. आईसाठी उभी राहिली, मुलीचं काळीज. पण मतदानाच्या आडोशाला माणूस एकटा असतो, तिथे नवऱ्याचा विचार येतोच. तीन पक्की.

निळी बादली आज हिने जागेवर ठेवली नाही. बैठकीच्या खोलीत, माझ्या खुर्चीसमोर.

रविवार, २२ एप्रिल.

मतदान केलं. आम्ही दोघं एकाच केंद्रावर, सासूबाई रिक्षाने पलीकडे. रांगेत ही माझ्या पुढे होती. आडोशातून लगेच बाहेर आली, एवढ्या लवकर कसं ठरलं कोण जाणे. विचारणार होतो.

सल्लागार झाल्यावर पहिलं भाषण दहा मिनिटांचं की पंधरा? बारा.

सोमवार, २३ एप्रिल.

वेगळं: ५८. एकच: ४२.

आमच्या केंद्रावरसुद्धा हरलो. समन्वयकाने बोलावून विचारलं, मैदान आपलं होतं ना? मग सगळं सांगितलं. झाडाची सावली, कठडा, पाहुणे. तो नकाशावरच्या हिरव्या टाचणीकडे बघत बसला. ऑफिसात खुर्ची एकच आहे. आज तो उठला नाही.

घरी सासूबाई बॅग भरत होत्या. म्हटलं, आज निकाल लागला म्हणून उद्या पाणी चढणार आहे का? त्या म्हणाल्या, वर्ष जाईल, जावईबापू. पण कुणाचं दार वाजवायचं ते तरी कळेल. आणि मला माझ्या घरात म्हातारं व्हायचंय.

ही पण जातेय. आईला खालून पाणी भरून द्यायला माणूस हवा, शाळा तिथूनही तेवढीच लांब. किती दिवस, विचारलं. पाणी वर चढेपर्यंत, म्हणाली.

मी म्हटलं, तू मला हे आधी सांगायचं होतंस. सांगितलं होतं, म्हणाली. पहिल्याच दिवशी. शांतपणे म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, २८ एप्रिल. दुपारी २.

मॅच आहे. गेलो नाही. घर खायला उठतं म्हणतात ते खोटं नाही. पत्रकांचे दोन गठ्ठे उरलेत, समिती परत घेत नाही.

हिने सांगितलंच नव्हतं हे सिद्ध करण्यासाठी रोजनिशी पहिल्यापासून वाचली. 'विषयांतर' तीन वेळा लिहिलंय. माझ्याच अक्षरात. तिन्ही वेळा शेजारच्या ओळीत सासूबाईंचं घर आणि पाणी.

दुपारी ३.१५

फोन केला. भूमिका स्पष्ट करायची होती, मुद्दे कागदावर काढले होते. तिने हॅलो म्हटल्यावर पहिला मुद्दा सापडेना. तोंडातून एवढंच निघालं, आज पाणी आलं का?

मग म्हणाली, खाली आलंय. आईकडे दोन बादल्या आहेत, त्यातली एक गळते. निळी तिकडेच राहिलीये, घेऊन ये.

दुपारी ३.४०

बादली काठोकाठ भरून घरी आणलेल्या ऑफिसच्या काट्याला लटकवली. सोळा किलो दोनशे ग्रॅम. तीन मजले, लिफ्ट नाही. सासूबाईंचं वय एकाहत्तर.

पुन्हा एकदा वजन करून बघितलं. तेवढंच आलं. निघतो.