सहाशेच्या लेन्समधले बाबा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात). तुझं पित्त काय म्हणतंय? भावोजी अजून टीव्हीवरच्या माणसांशी भांडतात का? इकडे आईची तब्येत ठणठणीत आहे, पण बाबांना जाऊन आता वर्ष होईल आणि भिंतीवर लावायला त्यांचा फोटो हवा म्हणून तिने माझ्यामागे धोशा लावलाय. घरात दोन पिढ्या फोटोग्राफर, आणि बाबांचा फोटो म्हणशील तर फक्त बसच्या पासावरचा, तोही शिक्क्याखाली! जगाला "हसा जरा" म्हणण्यात त्यांचा जन्म गेला.

तर काल पेपरसाठी फुटबॉलचा अंतिम सामना टिपायला गेलो होतो. तिथे आम्हा व्यावसायिकांसाठी कॅमेरा कंपनीचा तंबू असतो. कॅमेरा फुकट साफ करून मिळतो, आणि ओळखपत्र ठेवलं की लांबचं टिपणारी सहाशे मिलिमीटरची ती तोफेएवढी लेन्स दिवसभर उसनी देतात. (एवढी महागाची वस्तू ते एका ओळखपत्रावर देतात, आणि भावोजी मला स्कूटर देत नाहीत. असो.) मला आपले स्क्रूकाका आठवले. कंपनीचा माणूस, पण बाबांच्या स्टुडिओत न थांबता थेट आपल्या जेवणाच्या टेबलाशी यायचा, पेपर पसरून बाबांचा कॅमेरा उघडायचा. स्प्रिंगा उडतील म्हणून आई पंखा बंद करायची आणि आपल्याला शिंकायचीसुद्धा बंदी! काम लांबलं तर स्वतःचा कॅमेरा बाबांच्या गळ्यात अडकवून जायचा. फार आठवण येते गं त्या दिवसांची.

ती लेन्स लावून मी सहज प्रेक्षकांवरून फिरवली आणि एका चेहऱ्यावर थांबलो. बाबा! चष्मा कपाळावर, हातात शेंगा, आणि मैदानाकडे न बघता शेजारच्याला काहीतरी पटवून देतायत. ते बाबा नाहीत हे मला कळत होतं, पण बटणावरचं बोट काही थांबेना. तेवढ्यात अख्खं मैदान उठून नाचायला लागलं. सामन्यातला एकुलता एक गोल झाला होता, आणि मी तो सोडून सगळं टिपलं होतं. लेन्स परत करताना तंबूतल्या मुलीने स्क्रीनवर पाहून विचारलं, "वडील का?" मी बेधडक हो म्हणालो. संपादकांना मात्र पाझर फुटला नाही. "बाकीच्यांनी गोल आणला, तू टक्कल आणलंस," म्हणाले. उद्यापासून मी फीत कापण्याच्या कार्यक्रमांवर.

बाकी सगळं क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : तो फोटो मोठा करून बाबांचाच म्हणून आईला द्यावा म्हणतोय. तिला हल्ली कुठे नीट दिसतं!

ता. क. दुसरा : दिला. लांबूनच म्हणाली, "कोण रे हा? कॉलरला इस्त्री आहे याच्या."

ता. क. तिसरा : ताई, लहानपणी तू बाबांच्याच कॅमेऱ्याने त्यांचा एक फोटो काढला होतास. हललेला, अर्धं कपाळ कापलेलं, आणि "अगं, आधी फोकस!" असं ओरडताना त्यांचं तोंड उघडं. त्यावरून मी तुला अजून चिडवतो. तो असेल तर पाठव. आईला तोच हवाय. मलाही.