खिडकीतला मिठाचा खडा

मंगळवार, संध्याकाळ. ब्रह्मा घाट.

लेकीला, मुक्ताला, गाडीत बसवून आलो. तिने आणलेला मिठाचा खडा अजून खिडकीतच आहे, तिने ठेवला तिथे.

ती राजस्थानात जमिनीखालचे मिठाचे थर तपासते. थरात पाणी सोडून मीठ विरघळवायचं, मोठी पोकळी करायची आणि उन्हाच्या विजेवर बनवलेला हायड्रोजन तिच्यात साठवायचा, ऊन नसेल तेव्हासाठी. मीठ म्हणे वायू निसटू देत नाही. हे सगळं मला आत्ता तिच्या आईकडून कळतंय.

दुपारी ती केवढ्या हौसेने आली होती. "बाबा, हे पकडा ना. खूप खालून काढलंय." आणि मी काय बोललो? "मीठ हातात देऊ नये, भांडणं होतात. खाली ठेव." तिने ठेवला. पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही, माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या वेदपाठाची वेळ झाली होती. खरंच झाली होती का?

आत्ता खडा उचलून हातात घेतला. नदीच्या हवेने ओलसर झालाय.

भांडण झालं असतं तरी चाललं असतं. निदान ती बोलली तरी असती.