दरबारी ठेवलेली मुलं

१२ मे
प्रो.नी फेलोशिप दोन वर्षं वाढवून देऊ केली. महिनाअखेर कळवायचं. आनंद व्हायला हवा होता. चहा केला, प्यायला विसरले.
निखिल इराला घेऊन शनिवारी पुण्याहून इकडे सिंगापूरला येतोय. इथे रमली तर ती माझ्याकडेच राहील, असं आम्हा दोघांचं ठरलंय. तीन वर्षं आजीपाशी आहे पोर.

१७ मे
आली. बुकित बातोकचा माझा फ्लॅट हिंडून बघितला. "छान आहे तुझं घर." मग, "फ्रिज उघडू का?"
उघड की. विचारतेस काय.

२० मे
सेमिनार. माझा तोच विषय. लांबचा सुभेदार डोईजड होऊ नये म्हणून बादशहा काय काय करत: वरचेवर बदल्या, हिशेबाला वेगळा दिवाण. कधी त्याचा मुलगा दरबारी ठेवून घेत. नाव मानाचं, काम ओलिसाचं.
रहमत (शेजारच्या टेबलावरचा, इंडोनेशियाचा, आजच्या गव्हर्नरांवर काम करतो) म्हणाला, "बापाने परत मागितला, तर मुलगा जायचा का?"
कागदांत सापडत नाही, म्हटलं.
जेवताना तो सांगत होता, "आमचा गव्हर्नर लोक निवडतात, पण केंद्राचा माणूसही तोच. दोन्हीकडची बोलणी खातो." हसला. मीही हसले असणार.

२४ मे
सासूबाईंचा फोन. "रुळलीय गं ती इथे. आता हलवू नकोस. तू निवांत काम कर." त्यांचं काहीच चुकत नाही, याचाच राग येतो.
निखिल: "तू म्हणशील तसं." याने कधी बाजू घेतलीय?
इराला विचारलं, राहशील माझ्याकडे? "आजीला विचारून सांगते."

२७ मे
चांगी विमानतळ. आत जाण्याआधी इराने मला वाकून नमस्कार केला, पाहुण्यांकडून निघताना करतात तसा. मग तशीच उभी. हातावर खाऊचे पैसे ठेवायचे असतात, हे उशिरा सुचलं. दहा डॉलरची नोट दिली.
"थँक्यू आई. तू पण ये हं आमच्याकडे."
आमच्याकडे.
रडू आलं नाही. मेट्रोने परत.

३० मे
प्रो.ना मेल लिहायला बसले. त्यांच्या नावापुढे काही लिहून झालं नाही. रहमत निघताना, "कळवलंस?" कळवते, म्हटलं.
सेमिनारमधला त्याचा प्रश्न बापाचा होता. मुलाला कुणी विचारलं का, हे तो बोलला नाही. मी तर विचारलंय. रोज फोन होतो. इराने आजीला अजून विचारलेलं नाही, आणि मीही आठवण करून देत नाही.