बाटलीवरचा दोरा

६ मार्च

बाटलीला दोरा बांधला. म्हणजे हिने बांधला. मी खुर्चीत बसून पाहत होतो — हृदयाच्या नळीत जाळी बसवून घरी आल्यापासून मला एवढंच काम!

दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी सांगितलंय, माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल. घरात माणसं दोन, तेव्हा लिटरची एक बाटली. पामतेल बंद, सूर्यफुलाचं चालेल. तळणीतलं तेल पुन्हा तापवायचं नाही. ही नुसती मान डोलवत होती. मला वाटलं, विसरेल. पण घरी येताच लाल दोरा. आठवडाभरात तेल जिथवर उतरायला हवं तिथे गाठ.

११ मार्च

बावीस वर्षं तेलाच्या पिशव्या भरतोय. पिशवी हातात घेतली की पाच ग्रॅम कमी असली तरी कळते. पोटात किती गेलं ते कधी मोजलं नाही. दिव्याखाली अंधार.

यंत्रावर पामतेल संपवून सूर्यफूल घेतलं की नळीत दोन्ही मिसळतात. ते विकता येत नाही, म्हणून कामगारांना घरी न्यायला मिळतं. मी कधी सोडलं नाही. खांद्यावर डबा आणि तीन जिने. अजून चार डबे ओट्याखाली आहेत. हिला म्हटलं, देऊन टाक कुणाला तरी. 'देते' म्हणाली. पण जे मला नको ते दुसऱ्याला कसं द्यावं?  

२ एप्रिल

कामावर रुजू झालो. काटेवाल्याने — पिशव्या तोलतो तो, माझा जुना सोबती — सगळ्यांसमोर हात धरून आत नेलं. म्हणे, 'तेलही गेलं, तूपही गेलं, याच्या हाती जाळी आली!' खूप दिवसांनी हसलो. हसल्यावर छातीत दुखलं नाही. देवाची कृपा.

५ मे

बाटली आज संपली. दोन महिने पुरली! मॅडमनी एक महिना सांगितला होता, आम्ही दोन काढले. रक्ताचा रिपोर्टही चांगला आला. काटेवाल्याला सांगितलं तर म्हणाला, वहिनींना आपल्या कारखान्यात आणा, मालकाचं तेल वाचेल.

हिला म्हटलं, हे सगळं तुझ्या हाताचं. ती फक्त हसली. नवी बाटली आणली, दोरा तोच. जिना चढताना दमते हल्ली. माझ्या आजारपणात झिजली बिचारी.

१९ मे

हिची पाठ दुखते, जबडाही. दाढ असेल म्हणते. पाणी फार पिते. उन्हाळा आहे.

२४ मे

दाढ नव्हती.

डॉक्टर म्हणाले, झटका येऊन चार-पाच दिवस झाले असावेत. हृदयाचा मोठा भाग दुबळा झालाय. साखर तीनशेच्या वर. विचारलं, याआधी कधी तपासली होती?  घरात तपासण्या झाल्या त्या सगळ्या माझ्या.

२५ मे

त्याच मॅडम आल्या. घरात तेल कोणतं, किती, विचारलं. मी पाठ केल्यासारखं सांगितलं. सूर्यफूल. दोघांत एक बाटली. आणि अभिमानाने पुढे — आमची तर दोन महिने पुरते!

त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "दोन महिने पुरते? मग दुसरं माणूस काय खातं?"

पाच ग्रॅम हाताला कळणारा मी!

२६ मे

सकाळी घरी येऊन ओट्याखाली पाहिलं. तीन डबे भरलेले, चौथा फोडून निम्मा झालेला. मागे एक लहान कढई, बुडाशी काळं पडलेलं तेल. चाळणीने गाळून ठेवलेलं, पुन्हा वापरायला. ताटं ती आतूनच वाढून आणायची. माझ्या भाजीत तेल दिसायचं नाही, तिच्या ताटाकडे मी पाहिलंच नाही.

देवापुढे डोळे मिटून बसलो. मागणं काही सुचलं नाही.

२७ मे

तिला विचारलं. रागावणार होतो, पण विचारलं एवढंच, ते तेल का ठेवलंस?

तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "अहो, तीन जिने खांद्यावरून आणायचात तुम्ही. ओतून कसं द्यायचं?"

डॉक्टरांना कढईबद्दल सांगितलं. ते म्हणाले, अडीच महिन्यांच्या तेलाने एवढं होत नाही, हे वर्षानुवर्षांचं असतं. साखर, रक्तदाब, सगळंच. एकट्या तेलाला दोष देऊ नका. माझी समजूत काढायला म्हणाले. पण ती वर्षं तरी वाहून कुणी आणली?

३ जून

ही घरी आली. लेक सासरहून आलीय, पण भाजी मीच केली — एकाच पातेल्यात, तिघांची. ही पलंगावरून सूचना देत होती, 'अहो, चमच्याने घाला, पिशवी भरताय का?' दोऱ्याची गाठ खाली सरकवली, आता सगळ्यांचं माप.

जेवताना तिचं ताट माझ्या ताटाला चिकटवून ठेवलं. म्हणाली, पाहुण्यासारखं काय बघता ताटात!

८ जून

पाच दिवसांत तेल दोन बोटं उतरलं. तेल उतरल्याचा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. पाय थोडे सुजलेत तिचे. उद्या दाखवायचंय.

२४ जून

बरेच दिवस लिहिलं नाही. ती गेली त्याला आज चौदा दिवस. लेक सकाळच्या गाडीने परतली.

संध्याकाळी भाजी टाकली. एक चमचा तेल. दोऱ्याची गाठ पुन्हा वर घेतली.

बाटली आता दोन महिने पुरेल.